समेवर कॅमेरा कुठे असतो? मैफली चित्रित करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मैफलींचं चित्रीकरण करणारे दिग्दर्शक, कॅमेरामन आणि संकलक. ते दाखवणाऱ्या वाहिन्या. आणि ते करवून घेणारे संगीत महोत्सवांचे आयोजक यांस,

स.न.वि.वि.

मी पेटीवाला, म्हणजे हार्मोनियम वाजवणारा. गवयांना साथ करतो, कधी तबल्याच्या सोलोला लेहरा धरतो, म्हणजे ताल कळावा म्हणून एकच सुरावट फिरून फिरून वाजवतो. तुमच्या चित्रीकरणात मी बहुतेक वेळा असतो, म्हणजे माझा डावा खांदा असतो. एवढ्यावरून पत्र लिहिलं नसतं. पण यंदाच्या हंगामाआधी एका महोत्सवाकडून आम्हा साथीदारांना संमतिपत्र आलं आणि ते वाचल्यावर गप्प बसणं जमेना.

त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं. चित्रीकरणाचे सगळे हक्क, सगळ्या माध्यमांत, कायमचे आयोजकांचे. त्याचा मोबदला बिदागीतच धरलेला. प्रत्येक मैफलीचा बारा मिनिटांचा 'हायलाइट' तेवढा प्रसिद्ध होणार, मूळ चित्रीकरण जपून ठेवण्याची जबाबदारी कोणाची नाही. पडद्यावर नाव मुख्य कलाकाराचं. आमच्यातला एक तरुण तबलजी म्हणाला, ''दादा, करून टाका ना सही. नाहीतर पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत.'' त्याचं चूक नाही, त्याच्या घराचे हप्ते त्याला फेडायचे आहेत. मी अजून सही केलेली नाही. महोत्सवाचं नाव इथे घेत नाही, कारण असे कागद आता ठिकठिकाणी फिरतायत. एकाचं नाव घेतलं की बाकीचे निवांत होतात.

आधी एक सांगतो, चित्रीकरण नको असं म्हणणारा मी नव्हे. गुडघ्यांमुळे मंडपात बसणं ज्यांना जमत नाही, जे लातूरला आहेत, जे न्यू जर्सीत आहेत, त्यांच्यापर्यंत गाणं तुम्हीच पोचवता. शिवाय आमच्या विद्येत डोळ्यांनी शिकण्यासारखं फार असतं. भात्याचा हात कधी सैल सोडायचा, बायाँवर, म्हणजे डग्ग्यावर, मनगट किती घासायचं, गवयानं श्वास घेतला की बोटं पट्ट्यांवर कुठे थांबवून ठेवायची, हे नुसतं ऐकून येत नाही. म्हणूनच तुम्ही काय दाखवता याबद्दल तक्रार करायचा हक्क मला आहे, असं समजतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार समेची. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. विलंबित, म्हणजे संथ, एकताल घ्या: बारा मात्रा. हल्लीच्या लयीत त्याचा एक फेरा, म्हणजे एक आवर्तन, पाऊण-एक मिनिटाचं होतं. तेवढ्या वेळात गवई रागाची एखादी जागा उलगडतो, आठवी-नववी मात्रा गेली की त्याला मुखड्याची, म्हणजे समेवर नेणाऱ्या बंदिशीच्या ओळीची, चाहूल लागते, तबलजी मान वर करतो, मी स्वर भरणं कमी करून वाट मोकळी ठेवतो. मुखडा उचलला जातो आणि सम येते. त्या क्षणी बैठकीवरची सगळी माणसं एकमेकांकडे बघतात. कधी हसू असतं, कधी 'वाचलो बुवा' असं असतं, कधी गवई मुद्दाम सम चुकवून तबलजीला कोड्यात टाकतो आणि तोही तयारीनं ठेका पुढे नेतो. मैफलीत घडणारी गोष्ट ती हीच. आणि त्या क्षणी तुमचा कॅमेरा कुठे असतो? जिमीजिबवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या लांब दांड्याच्या क्रेनवर, चढून मंडपाच्या छताकडे. समईकडे. प्रायोजकाच्या फलकाकडे. दर चार सेकंदांनी चित्र बदललंच पाहिजे हा नियम तुम्हाला कुणी घालून दिलाय ठाऊक नाही, पण त्या हिशेबानं एका आवर्तनात दहा-पंधरा वेळा चित्र बदलतं आणि त्यातलं एकही समेवर येत नाही. आलं तर योगायोगानं.

'आम्हाला ताल कळत नाही' हे उत्तर मी ऐकलेलं आहे. ते पुरत नाही. अमेरिकी माहितीपटकार डी. ए. पेनबेकर यांना आपला ताल कळत होता, असा दावा कुणी करणार नाही. 1967 च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरीला पॉप संगीताचा महोत्सव झाला, त्यावरचा त्यांचा 'माँटेरी पॉप' हा चित्रपट जेमतेम ऐंशी मिनिटांचा. त्यातली शेवटची पंधराहून जास्त मिनिटं त्यांनी रविशंकरांना दिली. सुरुवातीला बराच वेळ रविशंकर दिसतच नाहीत; सतार ऐकू येते आणि कॅमेरा फिरत राहतो तो श्रोत्यांमधून. मग वादक दिसतात आणि लय चढत गेली की कॅमेरा तबल्यावरचे अल्लारखाँ आणि रविशंकर यांच्यामधला सवाल-जवाब सोडायला तयार नाही. मागे तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती आहेत, त्याही दिसतात. ताल न कळणाऱ्या माणसानं हे केलं ते कान उघडे ठेवून. आणि ज्यांना तेही जमणार नाही त्यांच्यासाठी सोपा उपाय आहे, तो खाली मागण्यांत लिहिलाय.

श्रोत्यांची चित्रं दाखवू नका असंही म्हणणं नाही. पण मारवा हा संध्याकाळचा राग चालू असताना दाद देणाऱ्या गृहस्थाच्या चष्म्यावर दुपारचं ऊन चमकताना मी पाहिलंय. दुपारच्या सत्रातली मान संध्याकाळच्या रागावर डोलवलीत तर ज्याला राग कळत नाही त्यालाही काहीतरी बिघडलंय एवढं कळतं. त्याच बाईंची तीच 'वाहवा' एका चित्रफितीत दोनदा वापरण्याचा प्रकार तर आता नित्याचा झालाय. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांबद्दल बोलत नाही. त्यांना दाखवावं लागतं, समजतं.

दुसरी तक्रार आम्हा साथीदारांची. बैठक कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे: मधे गवई, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी, मागे दोन तानपुरे. मोबाइलसाठी तुम्ही आडवं चित्र कापून उभं करता तेव्हा रुंदीचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. मधला. म्हणजे गवई, आणि मागच्या एखाद्या तानपुऱ्याची दांडी. त्या चित्रफितीत तान कुणाच्या ठेक्यावर चाललीय आणि तिला कोण सूर पुरवतंय हे कुणाला दिसत नाही, वर नावही एकट्याचंच. नव्या मुलांना वाटतं, गाणं ही एकट्यानं करायची गोष्ट आहे.

आमच्या वाद्याला हे नवीन नाही. ऑल इंडिया रेडिओनं 1940 साली पेटीला स्टुडिओबाहेर काढलं. ती परत आत शिरली 1971 मध्ये, तीही अटी सांभाळून. तीन दशकं आवाज बंद होता. आता आवाज आहे, माणूस नाही. गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर या पेटीवादकांचे हात कसे चालायचे ते बघायचंय म्हणून माझे विद्यार्थी जुनी चित्रीकरणं शोधत बसतात. सापडतो तो बहुतेक गवयाचा चेहरा, आणि मग गोविंदरावांची कमालीची जागा कानाला ऐकू येत असताना डोळ्यांपुढे गवयाचा रुमाल असतो.

ही खोड आपल्याकडचीच आहे असंही नाही. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी 'द बँड' या गटाच्या निरोपाची मैफल 1976 च्या नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चित्रित केली. तयारी अशी की गाण्यातल्या ओळी आणि वाद्यांचे बदल धरून कॅमेऱ्यांसाठी संहिता लिहिलेली. तरीही त्या गटाचा ड्रमर लेव्हॉन हेल्म यांनी पुढे आत्मचरित्रात तक्रार केली की चित्रपट गिटारवादक रॉबी रॉबर्टसनचाच झाला आणि बाकीचे कडेला गेले. याउलट जोनाथन डेमी यांचा 1984 चा 'स्टॉप मेकिंग सेन्स' बघा. टॉकिंग हेड्स या गटाचा गायक डेव्हिड बर्न रिकाम्या रंगमंचावर एकटा येतो. पुढच्या गाण्याला बास गिटारवाली येते, मग ड्रमर, मग दुसरा गिटारवाला, मागे गाणाऱ्या बायका. ड्रमचा चौथरा ढकलत आणणारी कामगार मंडळीसुद्धा दिसतात. प्रत्येक माणूस आला की आवाजात काय भर पडली ते कानाला कळतं आणि डोळ्यालाही. शेवट जवळ येईपर्यंत श्रोते फारसे दिसत नाहीत, कॅमेरा वाजवणाऱ्यांना सोडत नाही. आपल्याकडे हे किती सहज करता येईल! आधी तानपुरे लागतात, मग पेटी, मग तबला सुरात घेतला जातो. बैठक जमते ती अशीच. पण सूर लावणं तुम्ही सगळ्यात आधी कापता.

आवाजाबद्दल थोडक्यात. मिक्सरवरून थेट घेतलेला आवाज तुम्ही साफ करता तेव्हा यंत्र सतत एकसारखा येणारा नाद 'गोंगाट' समजून काढून टाकतं. मैफलीत सतत एकसारखा येणारा नाद कोणता, ते सांगायला नको. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती गुंजन, गेली की गवई अधांतरी गातोय असं वाटतं आणि त्याचा लागलेला षड्जही, म्हणजे 'सा'ही, थोडा हललेला ऐकू येतो. दुसरं म्हणजे चित्र आणि आवाज यांचा मेळ. तुमचं एक चित्र पंचविसावा हिस्सा सेकंदाचं. तीन चित्रांचा फरक पडला तर तुम्ही म्हणता, कुणाला कळतंय? द्रुत लयीत मिनिटाला तीनशे मात्रा पडत असतील तर तेवढ्यात अर्धी मात्रा उलटून जाते. तबलजीचा हात एकीकडे, बोल दुसरीकडे. मंडपातल्या मोठ्या पडद्यावर तर हे रोज दिसतं. हा प्रश्न क्षुल्लक वाटत असेल तर चित्रपट दिग्दर्शक सिडनी पोलॅक यांचं उदाहरण घ्या. 1972 च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये त्यांनी अमेरिकी गायिका अरीथा फ्रँकलिनचं गाणं चित्रित केलं, पण चित्र-आवाज जुळवायला लागणारी क्लॅपची पाटी वापरलीच नाही. मेळ बसेना. तो चित्रपट लोकांनी पाहिला 2018 मध्ये, अरीथा गेल्यावर. ख्यालाच्या आलापीत तर जुळवायला ठोका नसतोच, म्हणून तुम्हाला ही काळजी त्यांच्याहून जास्त घ्यावी लागेल.

आता बारा मिनिटांचा हायलाइट. बडा ख्याल, छोटा ख्याल आणि भजन असलेल्या सव्वा तासाच्या मैफलीतून बारा मिनिटं काढायला सांगितली की संकलक काय काढणार हे उघड आहे: छोट्या ख्यालातली टाळ्या घेणारी तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर आणलेला तुकडा, तीन सप्तकांची तान आणि शेवटचं भजन. आलाप गेला. त्यालाही माझी ना नाही, लोकांना वेळ नसतो. हरकत आहे ती मूळ चित्रीकरण टाकून देण्याला. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये 1969 च्या उन्हाळ्यात झालेल्या कृष्णवर्णीय कलाकारांच्या महोत्सवाचं चाळीसेक तासांचं चित्रीकरण हाल टल्चिन यांनी केलं. घ्यायला कुणी तयार नव्हतं, ते तळघरात पडून राहिलं. अर्धशतकानं त्यातून 'समर ऑफ सोल' झाला आणि त्याला ऑस्कर मिळालं. मूळ फिती पुसल्या नव्हत्या म्हणूनच हे घडलं. आज गाणारी तिशीतली मुलगी पन्नास वर्षांनी कोण ठरेल ते तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. एक हार्ड डिस्क स्टेजवरच्या एका दिवसाच्या फुलांपेक्षा महाग नसते.

माहितीपटवाल्यांशी दोन शब्द. गवयावर माहितीपट करायचा म्हणजे वीस सेकंद गाणं, मग कुणीतरी खुर्चीत बसून 'त्यांच्या गाण्यात एक दैवी स्पर्श होता' असं सांगणार आणि गाणं त्यांच्या मागे मंद होत जाणार, ही पद्धत कधीतरी मोडा. ज्याच्या गाण्यावर चित्रपट आहे त्याचंच गाणं पार्श्वसंगीत करून टाकायचं, हा काय प्रकार आहे? मणी कौल यांनी 1982 साली फिल्म्स डिव्हिजनसाठी 'ध्रुपद' केला. झिया मोहिउद्दीन आणि झिया फरिदुद्दीन हे डागर बंधू वाजवतात, गातात, शिकवतात आणि कॅमेरा घाई करत नाही. कौल स्वतः डागरांकडे ध्रुपद शिकले होते, ते प्रत्येक चौकटीत जाणवतं. सगळ्यांनी शिकायला बसावं असं कसं म्हणू? एक बंदिश तरी पुरी होऊ द्या.

कायद्याचंही बोलू, कारण संमतिपत्रात कायद्याची भाषा तुम्हीच आधी केलीत. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. कलम 38-ए नुसार सादरीकरणाचा व्यावसायिक वापर झाला तर कलाकाराला रॉयल्टी मिळायला हवी. 38-बी नुसार सादरकर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क आहे, आणि नावाला बट्टा लागेल असा विपर्यास केला तर हरकत घेण्याचाही. त्याच कलमाखाली खुलासा आहे की संकलनासाठी किंवा ठरावीक वेळेत बसवण्यासाठी काही भाग काढला तर तेवढ्यानं बट्टा लागला असं धरायचं नाही. म्हणजे तुमच्या बारा मिनिटांना कायदा आडवा येत नाही. मी ते लपवत नाही. म्हणूनच त्या बाबतीत विनंती करतोय. नावाचं मात्र तसं नाही. कायद्यातल्या 'सादरकर्ता' या व्याख्येला एक परंतुक जोडलेलं आहे: चित्रपटात ज्याचं काम प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीतही येत नाही, तो विपर्यासाविरुद्धचा हक्क वगळता सादरकर्ता धरला जात नाही. साथीदाराचं नाव न देण्याचाच रिवाज पडला, तर उद्या एखादा वकील उभा राहून म्हणेल, पेटी तर प्रासंगिक होती. तासभर गवयाच्या प्रत्येक तानेमागे धावणारा माणूस प्रासंगिक! नाव द्या हा आग्रह मानापानाचा वाटतो, पण त्यात पोटाचाही प्रश्न आहे तो असा.

तर मागण्या.

थेट प्रक्षेपण असो की चित्रीकरण, कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र घ्यायचं ते ठरवतात त्या पॅनेलवर दिग्दर्शकाच्या शेजारी ताल जाणणारा एक माणूस बसवा. संगीत शिकणारा विद्यार्थीही चालेल. 'मुखडा आला, दोन नंबर घ्या' एवढं सांगायचं त्याचं काम. ड्रोनच्या एका दिवसाच्या भाड्यात तो सबंध महोत्सव बसेल.

एक कॅमेरा कायम सगळी बैठक दिसेल असा ठेवा आणि त्याचं चित्रीकरण न कापता जपा.

साथीदारांची आणि तानपुऱ्यावर बसलेल्यांची नावं चित्रावर, वर्णनात आणि छोट्या तुकड्यांवरही द्या. उभ्या चित्रात माणूस मावत नसेल तर नाव मावतं.

पूर्ण ध्वनिचित्रमुद्रणाची एक प्रत प्रत्येक कलाकाराला, साथीदारांसह, द्या. दुसरी एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा संगीत विभागाकडे ठेवायला द्या.

तानपुऱ्याचा आवाज काढू नका. साफ केलेला आवाज प्रसिद्ध करण्याआधी गवयाला नाहीतर साथीदाराला ऐकवा.

संमतिपत्रात बिदागी आणि चित्रीकरणाचा मोबदला वेगवेगळे लिहा, कोणत्या माध्यमासाठी आणि किती वर्षांसाठी तेही लिहा. कागद मैफलीच्या आधी निदान पंधरा दिवस द्या. ग्रीनरूममध्ये तबला सुरात घेत असताना सही मागू नका. आणि सही न करणाऱ्याला पुढच्या वर्षी वगळणार नाही, हे त्याच कागदावर छापा.

यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. ज्यांना लागतो त्यांचा हिशेब मांडून दाखवा, आम्ही समजून घेऊ. हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, उत्तर त्याआधी द्या आणि जाहीर द्या, म्हणजे ज्या साथीदारांनी भीतीपोटी सही केलीय त्यांनाही ते वाचता येईल. चर्चेला बोलावलंत तर आम्ही पाच-सहा जण स्वखर्चानं येऊ. पॅनेलवर शेजारी बसून एखादी मैफल, कुठला कॅमेरा कधी घ्यायचा त्यासकट, समजावून द्यायची तयारी आहे. त्याचे पैसे घेणार नाही.

कळावे,
आपला,
एक पेटीवाला